दप्तरातला दगड



गावाचा कारभार शिकवताना आपण फळ्यावर एक तक्ता काढतो. सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामसेवक. मग ग्रामसभा, मग मतदान, मग स्वाध्याय. पाठ संपला. मीही बरीच वर्षं असंच शिकवत आले. पण एका निवडणुकीच्या दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरातून दगड निघाला आणि लोकशाहीचा हा पाठ मला स्वतःला पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. त्यात माझीही एक मोठी चूक झाली. ती लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं सांगते.

गावाचं आणि मुलांची खरी नावं मात्र सांगणार नाही.

वर्गाचे दोन पॅनेल

गोष्ट डिसेंबर २०२२ ची. राज्यात साडेसात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. मतदान १८ तारखेला, मोजणी २० ला. सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता, त्यामुळे चुरस जास्तच. आमच्या गावात दोन पॅनेल. एकाचा जोर गावठाणात, दुसऱ्याचा ओढ्यापलीकडच्या वाडीत. सरपंचपदाच्या उमेदवारांची चिन्हं कपबशी आणि छत्री.

माझ्याकडे चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग होता. चोवीस मुलं. चिन्हवाटप झाल्यावर दोन दिवसांत वर्गात 'कपबशीवाले' आणि 'छत्रीवाले' तयार झाले. लगोरीचे संघ बदलले. खिचडीच्या पंगतीत मधे हातभर जागा सुटायला लागली. खोडरबर मागायचं तरी आपल्याच बाजूच्या मुलाकडे. मला हे दिसत होतं. पण 'मोठ्यांचं बघून करतात, निवडणूक झाली की निवळेल' असं म्हणून मी सोडून दिलं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार. गणिताचा तास चालू होता. एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आदीच्या दप्तरात दगड आहे."

आदी वाडीचा. अंगाने बारका, बोलायला कमी. मी त्याचं दप्तर सगळ्यांसमोर टेबलावर उलटं केलं. पुस्तकं, कंपास, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अर्धी भाकरी आणि मुठीएवढा दगड.

"कशाला आणलास हा?"

"मारायला नाय मॅडम. ते मारणारेत म्हणून."

मी त्याचं दुसरं वाक्य ऐकलं, पण त्याच्यावर विचार केला नाही. आवाज चढवला. त्याला दाराजवळ उभं केलं. मग आणखी कोणी काही आणलंय का, म्हणून दप्तरं तपासली. दुसरा दगड सापडला नाही.

आता चूक सांगते. मी दप्तरं तपासली ती फक्त वाडीच्या मुलांची. तसं कोणी सांगितलं नव्हतं. माझं मी ठरवलंही नव्हतं. हात आपोआप तिकडेच गेले. 'वाडीची मुलं जरा भांडखोर' हे वाक्य मी शाळेत रुजू झाल्यापासून ऐकत होते. मी स्वतः कधी बोलले नव्हते, पण ते माझ्यातही मुरलेलं होतं.

एका दगडाचे किती झाले?

शनिवारी सकाळची शाळा. मी गेटपाशी पोचले तर दोन्हीकडचे आठ-दहा पालक उभे. रात्रीतून बातमी गावभर फिरली होती. 'दगड सापडला' याचं 'दगड सापडले' झालं होतं. गावठाणातल्या एका आईने तर मला विचारलं, "मॅडम, कोयता पण होता म्हणे?"

गावठाणातले पालक म्हणत होते, आमची मुलं आजपासून घरी. वाडीतले एक वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, गावातल्या पोरांची दप्तरं का नाय बघितली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. दोन्ही बाजूंचे तरुण रस्त्याच्या दोन कडांना उभे होते, मोबाइल हातात. एखादा शब्द वाकडा गेला असता तर काय झालं असतं, त्याचा आजही विचार करवत नाही. आणि त्याची सुरुवात माझ्या टेबलापासून झाली होती.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. दगड एक. दप्तर एक. कोयता वगैरे काही नाही. दप्तरं मी एकाच बाजूची तपासली, ती माझी चूक, त्याबद्दल माफी मागते. मुख्याध्यापक सर शेजारी उभे राहिले, त्यांनीही तेच सांगितलं. लोक पांगले. लगेच शांत झाले असं नाही, पण पांगले.

रविवारभर आदीचं ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यात होतं. 'ते मारणारेत म्हणून.' त्याला कोणालाही मारायचं नव्हतं. समोरच्यांना आपल्याला मारायचंय, याची मात्र त्याला खात्री होती. ही खात्री त्याला कोणी दिली? आणि समोरच्या मुलांना काय वाटत होतं? हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.

दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या

सोमवारी परिपाठानंतर प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. एका कोपऱ्यात फक्त आपल्या चिन्हाचं छोटं चित्र काढायचं. प्रश्न दोनच.

पहिला : तुला समोरच्या बाजूच्या मुलांना मारायचं आहे का? हो किंवा नाही.

दुसरा : समोरच्या बाजूच्या दहा मुलांपैकी किती जणांना तुम्हाला मारायचं असेल, असं तुला वाटतं?

चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या डब्यात गोळा केल्या. मोजायला दोन्ही बाजूंचा एक-एक मुलगा आणि एक-एक मुलगी पुढे बोलावली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने फळ्यावर रेघ मारायची, चौथ्याने रेघा मोजायच्या.

पहिल्या प्रश्नाला 'हो' आलं दोन चिठ्ठ्यांवर. एक कपबशीची, एक छत्रीची. बाकीच्या बावीस 'नाही'.

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी सात, आठ, नऊ लिहिलं होतं. काहींनी दहापैकी दहा.

फळा भरला तसा वर्ग गप्प झाला. मी काहीच समजावून सांगितलं नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग मारणार कोण होतं?"

मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तसाच ठेवला.

मोठ्यांच्या देशात हेच

पुढे हा अनुभव केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडायचा ठरला, म्हणून मी या विषयावर वाचायला लागले. तेव्हा कळलं की माझ्या वर्गात जे दिसलं ते मोठ्या माणसांतही मोजलं गेलंय, आणि तेही जगातल्या एका जुन्या लोकशाहीत.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. हरलेल्या बाजूच्या अनेकांना सांगितलं गेलं होतं की निवडणूक चोरली गेली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला. त्या दिवशी आत काय चाललं होतं, माहीत आहे? राज्याराज्यांतून आलेल्या मतांची अधिकृत मोजणी. जमावाने थांबवली ती मोजणी. काही तासांनी ती पुन्हा सुरू झाली आणि पूर्ण झाली.

या काळाच्या आगेमागे तिथल्या काही संशोधकांनी दोन्ही प्रमुख पक्षांच्या समर्थकांना प्रश्न विचारले. सगळे अभ्यास मिळून ४,७४१ लोक. राजकारणासाठी हिंसा करणं तुम्हाला पटतं का, आणि समोरच्या पक्षाच्या लोकांना ते किती पटत असेल? २०२२ साली निष्कर्ष छापून आले. समोरच्यांबद्दलचे अंदाज खऱ्या आकड्यांपेक्षा २४५ ते ४४२ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे साधारण साडेतीन ते साडेपाच पट! आणि हे दोन्ही पक्षांच्या बाबतीत.

त्याहून महत्त्वाचं पुढचं. काही लोकांना खरे आकडे नुसते दाखवले. भाषण नाही, उपदेश नाही. तेवढ्यानं त्यांचा स्वतःचा हिंसेला असलेला पाठिंबा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. दुसऱ्या एका गटात स्वतः हिंसा करण्याची तयारी ४४ टक्क्यांनी घटली. जवळपास महिन्याने पुन्हा विचारलं तेव्हाही परिणाम टिकून होता.

मित्रांनो, याचा अर्थ साध्या भाषेत असा. बहुतेक माणसं मुळात मारायला निघालेली नसतात. 'ते मारणार आहेत' असं वाटतं, म्हणून ती दगड उचलतात. दगड उचलला की समोरच्याला दिसतो. मग त्याचीही खात्री पटते. भीती दोघांची खरी असते, फक्त ज्याला भ्यायचं ते बऱ्याचदा तिथे नसतं.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. त्यात दाखवून दिलं की काही सर्वेक्षणांत हिंसेला असलेला पाठिंबा मुळातच फुगलेला दिसतो. प्रश्न मोघम असतात आणि काहीजण लक्ष न देता उत्तर ठोकून देतात. हे वाचून मला हसू आलं. आपल्या चाचणीत नाही का होत? प्रश्नच नीट नसेल तर मुलाला काय येतं ते कळत नाही.

आवाज चढवला की काय होतं?

डी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरसाठी नेतृत्वाचे तीन प्रकार पाठ केले होते. हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारं. पाच गुणांचा प्रश्न म्हणून. त्यामागचा प्रयोग मी आता समजून घेतला.

कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३ मध्ये, ते जर्मनी सोडून अमेरिकेला गेले. लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आयोवा विद्यापीठात केलेला अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मुलं होती दहा वर्षांची. म्हणजे आपली चौथी-पाचवी! मुलांचे छोटे हस्तकलेचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगवेगळ्या पद्धतीने वागणारा मोठा माणूस दिला. जिथे सगळं हुकुमावर चालायचं तिथली मुलं एकतर अगदी दबून राहिली किंवा एकमेकांवर तुटून पडली. मोठा माणूस खोलीबाहेर गेला की त्यांचं काम ढिलं पडायचं. जिथे विचारून, चर्चा करून काम चालायचं तिथे तो बाहेर गेला तरी मुलं कामात असायची.

मी शुक्रवारी पहिल्या प्रकारची बाई होते, सोमवारी दुसऱ्या प्रकारची. शुक्रवारचा परिणाम शनिवारी गेटवर बघितला होताच.

भांडण नको असं नाही

इथे एक गैरसमज व्हायला नको. लोकशाही म्हणजे सगळ्यांनी गोड बोलायचं असं नाही. पाण्याच्या टाकीची जागा, घरकुलाची यादी, वाडीचा रस्ता यावर भांडायलाच हवं. प्रश्न आहे कसं भांडायचं हा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात नेमका हा इशारा दिला होता. आपली उद्दिष्टं गाठण्यासाठी संवैधानिक मार्गच धरले पाहिजेत, रक्तपाताचा रस्ता सोडला पाहिजे. संवैधानिक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हाची गोष्ट वेगळी. ते उपलब्ध असताना दुसरे मार्ग धरणं म्हणजे अराजकाला आमंत्रण, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्याच भाषणात त्यांनी हेही बजावलं की समाजात विषमता तशीच राहिली तर ती सोसणारे लोक एक दिवस ही लोकशाहीच उधळून लावतील. म्हणजे एका बाजूला दगड टाकायला सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला दप्तरं मात्र वाडीचीच तपासायची, हे चालणार नाही. हा धडा माझ्यासाठी होता.

म्हणून चिठ्ठ्यांच्या उपक्रमाचीही मर्यादा सांगते. जिथे खरोखर कोणी मार खाल्लाय, खरोखर अन्याय झालाय, तिथे 'हा तुझा गैरसमज आहे' असं म्हणू नका. तिथे न्याय हवा, आकडे नव्हेत. शिवाय माझ्या वर्गात 'हो' दोन आले, शून्य नाही. दोन्ही बाजूंच्या त्या दोघांना घाबरून बाकीचे बावीस आपापल्या गटात दगड गोळा करणार होते, हे आपण लक्षात ठेवायचं. ते दोघं कोण, हे मी शोधलं नाही. नाव लिहायचं नाही असं मीच सांगितलं होतं.

एकाच बाकावरचे प्रतिनिधी

आपण शिक्षक निवडणुकीच्या कामाला कंटाळतो, खरं आहे. पण एक गोष्ट फक्त आपल्यालाच दिसते. २०२४ च्या विधानसभेला मी मतदान अधिकारी होते. पहाटे अभिरूप मतदान. किमान ५० मतं टाकायची, मोजायची, चिठ्ठ्यांशी ताळा घ्यायचा, यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं. सगळं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. मोहोरबंद करताना त्यांच्या सह्या. संध्याकाळी किती मतं नोंदली त्याचा हिशेब नमुना १७-सी मध्ये, त्याची प्रत त्यांच्या हातात.

पूर्वी मला हे कागदी काम वाटायचं. आता कळतं, ही सगळी धडपड हरणाऱ्यासाठी आहे. जिंकणारा कुठलाही निकाल मान्य करतो. हरणाऱ्याला 'माझ्यासमोर मोजलं' असं वाटलं पाहिजे.

आणि ते एकमेकांच्या विरोधातले प्रतिनिधी दिवसभर एकाच बाकावर बसलेले असतात. दुपारी एकाच पिशवीतले वडापाव खातात. म्हातारी मतदार आली की दोघंही मिळून तिचं नाव यादीत शोधतात. शंभर मीटरच्या रेषेबाहेर त्यांचेच कार्यकर्ते एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघत असतात. फरक एवढाच, की आतल्यांना समोरचा माणूस जवळून दिसतो.

वर्गात काय करता येईल?

मी आता दरवर्षी जे करते ते थोडक्यात देते. आपल्या शाळेप्रमाणे बदल करा.

१. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेताना मोजणी सगळ्यांसमोर करते आणि हरलेल्या उमेदवाराचा एक मित्र मोजणीला बसवतेच.

२. 'चिटिंग झाली' अशी तक्रार आली तर ओरडत नाही. पुन्हा मोजतो. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

३. निकालानंतर पहिलं बोलायला हरलेल्याला उभं करते. दोनच वाक्यं. 'मी हरलो. आता माझं काम काय?' मंत्रिमंडळाला प्रश्न विचारायचा पहिला हक्क त्याचा.

४. वर्गात दोन तट पडलेले दिसले की दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या. आकडे मुलांनीच मोजायचे, शिक्षकाने भाषण द्यायचं नाही.

५. तपासणी करायचीच असेल तर सगळ्यांची. पहिली पिशवी स्वतःची.

शेवटी काय झालं?

मतदान रविवारी शांततेत झालं. मंगळवारी तालुक्याला मोजणी झाली, संध्याकाळी गुलाल उधळला गेला. पंगतीतली हातभर जागा लगेच भरली नाही. नाताळ झाला, नवीन वर्ष आलं, तेव्हा कुठे लगोरीचे संघ पुन्हा मिसळले. मला गेटवर प्रश्न विचारणारे ते वाडीतले वडील अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आदी शाळेत आला. त्याच्या घरचं पॅनेल हरलं होतं. तो आला, दप्तर खाली ठेवलं आणि आपल्या जागेवर बसला. मी त्याचं दप्तर तपासलं नाही. तपासावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. आदीचं नाव आलं.

"हजर मॅडम," तो म्हणाला.

तुमच्याही वर्गात असं काही घडलं असेल तर जरूर लिहा. चुकलेलं असेल तर आधी तेच लिहा. त्यातून बाकीच्यांना जास्त शिकायला मिळतं.